तिसऱ्या मजल्यावरचा वरपक्ष

मित्रांनो, बेल दाबू नका. ती चिनी भाषेत रागावते. कडी वाजवा, आणि वाजवून झाली की होती तशी खाली सोडा. लावू नका. एवढ्याशा गोष्टीसाठी मी इतका का अडून बसतो, हे कळायला माझी हकिगत पहिल्यापासून ऐकावी लागेल. तुम्ही तसेही दारात उभे आहातच.

मी दरवाजा. सागवानी, दोन फळ्यांचा, पितळी कडी-कोयंड्याचा. सध्या मुक्काम कर्वेनगर, तिसरा मजला, लिफ्टच्या समोर. जन्म झाडाच्या पोटी. सगळेच दरवाजे झाडाच्या पोटी जन्माला येतात असे मला पूर्वी वाटे. पुढे शोरूममधून आलेले फायबरचे दरवाजे भेटले. त्यांना आईवडिलांबद्दल विचारणे बरे दिसत नाही, म्हणून मी विषय बदलतो.

मला घडवले ते पेठेतल्या एका मंगल कार्यालयासाठी. आम्ही दोघे भाऊ एकाच ओंडक्यातून निघालो. कार्यालयाच्या मालकांनी सुताराला बजावले होते, "अक्षरं खोल कोर. रंगवलेली पाटी लोक बदलतात. मागच्या लग्नात वधूपक्ष वरपक्षाच्या खोलीत जाऊन झोपला आणि वराच्या काकांना जिन्यात दाढी करावी लागली." सुताराने छिन्नी घेतली आणि भावाच्या अंगावर 'वधूपक्ष' कोरले, माझ्या अंगावर 'वरपक्ष'. 'वर' एका फळीवर, 'पक्ष' दुसऱ्या फळीवर. त्यामुळे एकच फळी लावलेली असली की मी नुसता 'पक्ष' उरत असे, आणि येणारे-जाणारे कोणता म्हणून विचारत.

माझ्या खोलीला दोन खिडक्या, पंखा आणि पूर्ण उंचीचा आरसा होता. भावाच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती भटारखान्यात उघडत होती. आम्ही समोरासमोर उभे होतो. मी दिवसभर बंद असे, तो दिवसभर उघडा, कारण त्याच्यातली माणसे सतत माझ्याकडे धावत असत.

मित्रांनो, माझ्या उमेदीच्या काळात मी एकच लग्न पाहिले. ते रोज होत असे. पहाटे कोणीतरी माझ्यावर थाप मारायचे. बाहेर नवे कपडे घातलेला एक गृहस्थ उभा असायचा, हातात गरम पाण्याची बादली. हा मुलीचा बाप. तो म्हणायचा, "काही हवं-नको?" आणि आतून कोणाचा तरी आवाज यायचा, "पाणी जरा कोमट आहे."

इतक्या वर्षांत पाणी कधीही पुरेसे गरम निघाले नाही. मी विज्ञान शिकलेलो नाही. पण भटारखान्यात उकळणारे पाणी वरपक्षाच्या उंबऱ्यावर आले की थंड होते, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन.

आणखी एक गंमत सांगतो. आत बसून पाण्याला कोमट म्हणणारे गृहस्थ काही वर्षांनी स्वतःच बादली घेऊन बाहेर उभे दिसायचे. मुलाचे लग्न आटोपलेले असायचे, आता मुलीचे. तोच माणूस आणि तोच दरवाजा, बदललेली असायची ती फक्त बाजू. मी ओळख दाखवत नसे.

कौतुकही खूप झाले. झेंडूची तोरणे झाली, हळदीचे हात झाले. मला टेकून किती नवरदेवांनी फोटो काढले असतील! त्यातल्या बऱ्याच फोटोंत नवरदेवाच्या डोक्यामागे 'वर' असे छापून आले, म्हणजे ओळखण्याची सोय झाली.

मग कार्यालय पाडले. तिथे आता मोटारी एकावर एक उभ्या करतात. भाऊ कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत गेला. त्याला आडवा करून वर काच टाकली आहे आणि त्याच्यावर लोक कॉफी पितात. जन्मभर उभ्याने वाढले, आता आडवे पडून वाढतो आहे. मी गेलो जुन्या बाजारात, वेणूबाईंच्या वखारीत.

वेणूबाई जुनी दारे-खिडक्या विकायच्या, पण गिऱ्हाईक आले की त्यांच्या चेहऱ्यावर कोणी उसने मागायला आल्याचा भाव येई. मी तिथे भिंतीला पाठ लावून उभा होतो. शेजारी एक खिडकी होती. ती येरवड्याच्या तुरुंगातून आल्याचे सांगायची आणि सगळे तिला दबकून असायचे. पुढे कळले, ती तुरुंगासमोरच्या न्हाव्याच्या दुकानातली होती. पलीकडे एक संडासाचे दार होते. ते मात्र खरे बोलायचे.

गिऱ्हाइके माझ्यापाशी थांबत, अक्षरे वाचत आणि हसून पुढे जात. एकाने विचारले, "बाई, याची गॅरंटी काय?"

"कोणाची? दरवाजाची का तुमची?" वेणूबाई म्हणाल्या. "दरवाजा तुमच्यापेक्षा जास्त टिकेल. लिहून देऊ का?"

तो गृहस्थ निघून गेला. असे बरेच गेले. पावसाळ्यात माझ्या 'क्ष'मध्ये मुंग्यांनी घर केले. स्वतःच्या अंगात घर असूनही आपण कुठल्याच घराचे नाही, हे दुःख दरवाजालाच कळते. मुंग्यांना नाही कळत.

आणि एके दिवशी एक बाई आल्या. त्यांनी अक्षरे वाचलीच नाहीत. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, दोन्ही हात आडवे पसरले आणि मागे वळून म्हणाल्या, "अहो, इकडे या. माझ्या शेजारी उभे राहा. हां. आता दोघं एकदम पुढे चला."

या कांताबाई. शेजारी उभे राहिलेले दशरथराव त्यांचे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दोघे खांद्याला खांदा लावून माझ्यावर चालून आले. मी मिटलेला होतो, त्यामुळे दोघांची नाके आपटली. पण माप बरोबर होते.

"हाच घ्यायचा," नाक चोळत कांताबाई म्हणाल्या.

मागे त्यांची मुले उभी होती, थोरली मैत्री आणि धाकटा रोहन. दोघेही कॉम्प्युटरच्या कंपन्यांत. या चौघांनी त्याआधी शहरातली शोरूम्स पालथी घातली होती. ते बोलत होते त्यावरून मला सगळे कळले. बिल्डरने दिलेला त्यांचा दरवाजा पावसाळ्यात फुगायचा, उन्हाळ्यात आक्रसायचा आणि मधल्या दिवसांत वाळवीला खायला घालायचा. रोहनला स्टीलचा दरवाजा हवा होता, बोट ओळखून उघडणारा.

"ॲपवरून पण उघडतो, बाबा. आपण गोव्यात असलो तरी."

"गोव्यात असताना दरवाजा कशाला उघडायचा?" दशरथराव म्हणाले. "आणि ॲप बंद पडलं तर?"

"रीस्टार्ट करायचं."

"घर?"

दशरथरावांना स्वतःला नक्षीदार, चकचकीत, छाप पाडणारे काहीतरी हवे होते. शोरूममधल्या मुलाने त्यांना सूर्य कोरलेला दरवाजा दाखवला होता. कांताबाई त्याच्यासमोर हात पसरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एकेकानं यायचं? रेशनच्या रांगेसारखं?" आणि बाहेर पडल्या.

त्यांचे म्हणणे साधे होते. त्या लग्न होऊन आल्या ते येरवड्यातल्या एका खोलीत. तिचे दार एवढे ठेंगणे होते की ज्याला-त्याला वाकूनच आत यावे लागे. "माझ्या घरात येणाऱ्यानं वाकायचं नाही, आणि एकामागे एक पण यायचं नाही," त्या म्हणत. "शेजारी-शेजारी यायचं. आधी कोण, नंतर कोण, हा प्रश्नच नको."

आणि हा प्रश्न नेमका त्याच वेळी निघाला होता, कारण पाहुणे यायचे होते.

मैत्रीला तिच्या कंपनीतल्या तेजसशी लग्न करायचे होते. तेजसला मैत्रीशी करायचे होते. इथपर्यंत सगळे एकमताने होते. तेजसच्या आई यमुनाबाईही तयार होत्या. अडले होते ते वडिलांपाशी, म्हणजे कोंडीरामजींपाशी. हे कुटुंब मूळचे यवतमाळकडचे, कोंडीरामजींचा जन्म भोसरीच्या कारखान्यात गेला. त्यांनी नाही म्हटले नव्हते, हो म्हटले नव्हते. ते "बघू" म्हणाले होते. मैत्रीचे घर बौद्ध, त्यांचे हिंदू. गावाकडचे भाऊबंद काय म्हणतील, या एका प्रश्नावर ते कित्येक महिने "बघू" म्हणत होते. शेवटी मैत्रीच म्हणाली, "मग या ना बघायला." आणि रविवार ठरला.

"लग्न आम्ही करूच गं," तिने आईला सांगितलेले मी वखारीत ऐकले. "पण तेजसचे बाबा तोंड फिरवून बसले, तर तो हसेल का फोटोत?"

तर मित्रांनो, मी टेम्पोत चढलो तेव्हा माझ्यावर एवढी जबाबदारी होती. वेणूबाईंनी निरोप दिला, "परत आलास तर जागा नाही." त्यांच्या तोंडून इतके प्रेमळ वाक्य मी पहिल्यांदाच ऐकले.

कर्वेनगरात माझे स्वागत सोसायटीचे चेअरमन तात्याराव यांनी केले. स्वागत म्हणजे ते टेम्पोला आडवे आले. तात्यारावांना एक सवय आहे. उघडे दिसले की बंद करायचे. नळ, दिवे, गेट, दुसऱ्यांच्या स्कूटरच्या डिक्क्या, कोणी जांभई दिली तर तेही त्यांना बघवत नाही. त्यांनी माझी अक्षरे वाचली.

"हे काय? इथं कार्यालय काढताय?"

"दरवाजा आहे," कांताबाई म्हणाल्या.

"दरवाज्यावर नावाच्या पाटीशिवाय अक्षर चालणार नाही. उद्या चौथ्या मजल्यावरचे 'वधूपक्ष' लावतील. मग?"

मग काय, दशरथरावांनी सुताराला अक्षरे तासायला सांगितली. सुताराने रंधा मारला आणि सांगितले की अक्षरे एवढी खोल आहेत की ती जातील तेव्हा दरवाजाही गेलेला असेल. तेव्हा दशरथरावांना युक्ती सुचली. अख्खा दरवाजा चौकटीसकट उलटा बसवायचा! अक्षरे जातील आत, गुळगुळीत बाजू येईल बाहेर. सोसायटी खूश, पाहुणे खूश.

उलटा बसवल्यावर माझी पितळी कडी, जी इतकी वर्षे आतल्या बाजूला होती, ती बाहेर आली. कोयंडाही बाहेर आला. हे सगळ्यांना दिसले. दशरथरावांनी तर चार पावले मागे जाऊन डोळे भरून पाहिले. "वा! पितळ बाहेर असलं की कशी छाप पडते," ते म्हणाले आणि चिंच लावून कडी घासून घेतली. आतल्या बाजूला त्यांनी एक नवा बोल्ट ठोकला. बाहेर कडी असली म्हणजे बाहेरून कोणीही लावू शकते, एवढी एकच गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाने अडवायचे यंत्र उलट्या बाजूला बसवले होते.

रविवार उजाडला. रोहनने नवी बेल आणली होती, ती दाबल्यावर कोणी बाई चिनी भाषेत जोरजोरात रागावू लागली. "ही बेल पाहुण्यांवर ओरडेल," म्हणून त्याला ती बदलायला बुधवार पेठेत पिटाळले. तिथून त्याचा फोन आला, "बाबा, दुकानदार म्हणतो, ती रागवत नाहीये. स्वागत करतेय."

तोवर पाहुणे कडी वाजवत होते.

दोन्ही फळ्या उघडल्या. कोंडीरामजी आणि यमुनाबाई शेजारी-शेजारी आत आले. कांताबाईंनी ते बघितले आणि त्यांचा चेहरा उजळला. मागून तेजस आला, पेढ्यांचा पुडा घेऊन, चेहरा निकाल लागायच्या दिवसासारखा. कोंडीरामजींना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवले. समोरच्या भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. त्यांनी दोन्हीकडे पाहून नमस्कार केला. मग नजर फिरवली, तर समोर मी. फळ्या लावून घेतल्यामुळे पुरता 'वरपक्ष'.

कोंडीरामजींनी वाचले. पुन्हा वाचले.

पोहे झाले. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. भोसरीच्या आणि कर्वेनगरच्या खड्ड्यांची तुलना झाली, त्यात दोन्ही बाजू आपापल्या खड्ड्यांबद्दल अभिमानाने बोलल्या. पण मूळ विषयाला कोणी हात लावेना. दशरथराव सारखे उठून पाणी देत होते. कोंडीरामजी सारखे पाणी पीत होते. शेवटी ते उठले.

"येतो आम्ही. घर चांगलं हाय जी तुमचं. पोरगी गुणाची हाय." एवढे बोलून त्यांनी चप्पल शोधत खाली पाहिले. "कळवतो."

मित्रांनो, हा शब्द मी फार जुना ओळखतो. लग्नाच्या बोलण्यात "नाही" म्हणणारे कोणी नसते, सगळे "कळवतो" म्हणतात. ज्यांनी कळवतो म्हटले त्यांची पत्रे अजून यायची आहेत. तेजसने पेढ्यांचा पुडा उचलला, परत ठेवला. मैत्री खिडकीतून बाहेर बघू लागली. दशरथराव म्हणाले, "हो, हो, कळवा की, सावकाश," आणि त्यांचा आवाज मला ओळखीचा वाटला. बादली घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसांचा असायचा तसा.

कोंडीरामजींनी माझा बोल्ट काढला आणि मला ओढले.

मी उघडलो नाही.

झाले होते असे की थोड्या वेळापूर्वी तात्याराव वामकुक्षीला निघाले होते. जाता जाता त्यांना माझी कडी दिसली. लोंबकळणारी. "हे काय लोंबकळतंय," असे स्वतःशी पुटपुटत त्यांनी ती वर उचलली, कोयंड्यात घातली, नीट बसली का ते हलवून पाहिले आणि समाधानाने घरी जाऊन झोपले.

कोंडीरामजींनी ओढले. तेजसने ओढले. दशरथरावांनी माझी क्षमा मागून ओढले. समोरचा फ्लॅट बंद होता, ते लोक अमेरिकेत नातवंडे सांभाळायला गेलेले. मैत्रीने इंटरकॉमवर वॉचमनला लावले.

"शंभूदादा, कोणीतरी बाहेरून कडी लावलीये. वर येऊन काढता का?"

"कोणी लावली, ताई?"

"तात्यारावच असणार. दुसरं कोण लावतंय!"

पलीकडे शंभू विचारात पडला. "मग मी कशी काढू? चेअरमनसाहेबांनी लावलेली वस्तू चेअरमनसाहेबच काढणार. मागं त्यांनी बंद केलेला नळ मी उघडला, तर त्या नळापाशी उभं करून मला पाण्याचा इतिहास सांगितला. पार धरणापासून."

"अहो, पण आम्ही आत अडकलोय!"

"चारला उठतात ते. मोबाइल बंद असतो, बेलपण बंद असते. तुम्ही म्हणत असाल तर दार फोडतो, पण कडी नाही काढणार."

इथे यमुनाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी मैत्रीच्या हातातला इंटरकॉम घेतला. "असू द्या भाऊ. झोपू द्या म्हाताऱ्या माणसाले. आमाले काही घाई नाही." आणि त्यांनी तो ठेवून दिला.

"अवं, घाई कशी नाही?" कोंडीरामजी म्हणाले. "आपल्याले जायचं हाय ना!"

"कुठं जाता? दार बंद हाय." यमुनाबाई पुन्हा खुर्चीत बसल्या आणि पदर सारखा केला. "तुमी म्हणले ना कळवतो? मंग कळवा. इथंच बसून कळवा. पोस्टाचं काम उरलं नाही."

कांताबाई तेवढ्यात स्वयंपाकघराकडे वळल्या होत्या. "चहा टाकते," त्यांनी आतूनच सांगितले. बाहेर जाता येत नसले की या शहरात दुसरे काय करतात!

कोंडीरामजी बसले. बसले ते पुन्हा माझ्यासमोरच. आता त्यांना माझ्याकडे बघण्यावाचून काम नव्हते. त्यांनी विचारले, "हे दार कुठलं जी?"

दशरथरावांनी जरा खजील होऊन सांगितले, पेठेतल्या जुन्या कार्यालयातले. अक्षरे जात नव्हती म्हणून आत घेतली. तुम्हाला खटकले असेल तर माफ करा.

"खटकलं नाही," कोंडीरामजी म्हणाले. "आमच्या अपेक्षाचं लगन झालं, तेजसच्या मोठ्या बहिणीचं, तवा अशाच दारापुढं उभा होतो मी. पहाटे बादली घेऊन. आतून म्हणे, पाणी कोमट हाय. मी पुन्हा तापवून आणलं. पुन्हा कोमट. तिसऱ्यांदा असं आणलं का माझाच हात पोळला." त्यांनी उजवा तळवा उघडून पाहिला, जणू अजून काही दिसत होते. "तरी कोमटच. तवाच ठरवलं, पोराच्या लग्नात आपण आत बसू. आरामात बसू. अन् म्हणू."

"काय म्हणू?" तेजसने विचारले.

"कोमट."

आणि नेमक्या त्याच वेळी कांताबाई चहा घेऊन बाहेर आल्या. कप एवढे वाफाळत होते की कोंडीरामजींचा चष्मा लांबूनच धुरकटला. दशरथरावांनी ट्रे स्वतःच्या हातात घेतला, कोंडीरामजींच्या पुढे धरला आणि म्हणाले, "मग म्हणा की. संधी चालून आली आहे. तुम्ही आत आहात, मी ट्रे घेऊन उभा आहे, समोर पाटीसुद्धा आहे."

कोंडीरामजींनी घोट घेतला. डोळ्यांत पाणी आले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मीसुद्धा.

"नाही जी," ते म्हणाले. "चांगला कढत हाय. खोटं कायले बोलू?"

दशरथराव ट्रे घेऊन तसेच उभे होते. ते म्हणाले, आणि हे त्यांनी अगदी सहज, खड्ड्यांबद्दल बोलावे तसे सांगितले, "आमचे वडील लग्नांत हलगी वाजवायचे. वरात दारापर्यंत आणायचे आणि तिथंच थांबायचे. त्यांना आतलं पाणी कोमट आहे की गरम, हे कळायचंच नाही. त्यांचं पान अंगणाच्या बाहेर, गोठ्याशेजारी. म्हणून हिला," त्यांनी कांताबाईंकडे पाहिले, "हिला रुंद दार हवं होतं. मला नुसतं चकचकीत चाललं असतं."

कोंडीरामजी माझ्या अक्षरांकडे बघत राहिले.

"आमच्याही गावात असंच होतं," शेवटी ते म्हणाले. "वाजवणारे कुठं जेवतात ते मी पोरवयात पाहिलं हाय. विचारलं कोणीच नाही. मीबी नाही."

मग ते उठले. दशरथरावांच्या हातातून त्यांनी ट्रे काढून घेतला. "तुमी बसा जी."

"अहो, असं कसं, तुम्ही पाहुणे..."

"बसा म्हणतो ना! इथं, माझ्या खुर्चीत. हां."

दशरथराव बसले. माझ्या समोर, 'वरपक्ष' वाचत. कोंडीरामजी त्यांच्यासमोर ट्रे धरून वाकले नाहीत, ताठ उभे राहिले, आणि म्हणाले, "घ्या. अन् काही हवं-नको ते सांगा."

दशरथरावांनी कप उचलला. वाफ नाकात गेली. त्यांनी एक मोठा घोट घेतला. त्यांचे कान लाल झाले, कपाळावर घाम आला, पण निवृत्त सरकारी माणसाचा चेहरा जसा असतो तसा तो ठेवून ते म्हणाले,

"कोमट आहे."

मित्रांनो, मी आयुष्यात ते वाक्य किती वेळा ऐकले असेल! पण त्यावर ट्रे धरणारा माणूस हसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. कोंडीरामजी असे हसले की ट्रेमधले कप किणकिणू लागले. यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. मैत्री खिडकीतून वळली. तेजसने पेढ्यांचा पुडा फोडला आणि कोणी काही ठरवायच्या आतच एक पेढा स्वतः खाल्ला.

"घाईच भारी पोराले," कोंडीरामजी म्हणाले. "थांब ना, बापाले कळवू तर दे!" आणि ते दशरथरावांकडे वळले. "कळवतो म्हणलो होतो. तर कळवलं. आमचं हो हाय. भाऊबंदाचं मी पाहतो. येतील ते बसतील, नाही येतील त्यांचे पेढे उरतील."

चार वाजता बाहेर चपलांचा आवाज आला. तात्याराव झोपून उठले होते. शंभूने सगळे सांगितल्यामुळे ते घाईघाईने आले आणि कडीला हात घातला. आतून कोंडीरामजी ओरडले, "थांबा जी! आत्ताच नका उघडू. तारखा चालू हायेत!"

तात्याराव बाहेर थांबले. आयुष्यात प्रथमच त्यांना काहीतरी उघडायचे होते आणि कोणी उघडू देत नव्हते. शेवटी कडी निघाली, दोन्ही फळ्या उघडल्या. तात्याराव म्हणाले, "लोंबकळत होती हो. सोसायटीत काही लोंबकळत ठेवायचं नाही, असा ठराव आहे."

"बरोबर हाय तुमचं," कोंडीरामजी म्हणाले. "आमचंबी एक लोंबकळत होतं." आणि त्यांनी तात्यारावांच्या तोंडात पेढा घातला. तोंड उघडे होते, ते तात्यारावांनी सवयीने लगेच बंद केले.

खालून रोहन धापा टाकत आला. हातात तीच बेल. दुकानदाराने बदलून दिली नव्हती. "काय झालं? काय मिस केलं मी?" तो विचारत होता.

लग्न झाले. नोंदणी करून, मग सगळ्यांना जेवण. जेवणाचा हॉल ठरवायला दोन्ही वडील बरोबर गेले होते. मॅनेजरने दोन वेगळ्या खोल्यांच्या किल्ल्या पुढे केल्या, तेव्हा दोघांनी मिळून एक खोली परत केली. मॅनेजरला वाटले, काहीतरी भांडण आहे.

संध्याकाळी मंडळी घरी आली. उंबऱ्यापाशी दशरथराव आणि कोंडीरामजी आले आणि थांबले. "आधी तुम्ही." "नाही जी, तुमी." "अहो, तुम्ही पाहुणे." "कालपर्यंत होतो." मागे अख्खी वरात तटली. तेव्हा कांताबाई मागून म्हणाल्या, "मोजून घेतलाय तो. चला दोघंही." आणि त्यांनी दोघांच्या पाठीवर एकेक हात ठेवून ढकलले. दोघे खांद्याला खांदा लावून आत आले. कोणाचेही नाक आपटले नाही. मी पूर्ण उघडा होतो.

अक्षरे अजून आतच आहेत. पुसू नका, असे कोंडीरामजींनी बजावले आहे. त्यामुळे या घरात जो कोणी येऊन बसतो, कुरियरवाला असो की गॅसवाला, तो समोर बघतो आणि त्याला कळते की आपण वरपक्षाकडचे आहोत. तो जरा ताठ बसतो. चहा मात्र नेहमी कढत मिळतो आणि कोणी तक्रार केली तर घरातले सगळे का हसतात, ते त्याला कळत नाही.

आता माझे वय झाले आहे, मित्रांनो. फार मागणे नाही. दिवाळीच्या आधी बिजागऱ्यांना थोडे तेल द्या. पावसाळ्यात ओले हात माझ्या अंगाला पुसू नका. जुना दरवाजा टाकायला काढाल तेव्हा त्याला आधी विचारा, त्याने काय काय पाहिले आहे. आणि नवा निवडाल तेव्हा रंग, नक्षी, बोट ओळखणारे कुलूप हे सगळे बघा, पण शेवटी घरातल्या माणसाला शेजारी घेऊन, हात पसरून एकदा मोजा. फक्त तो उघडा असताना मोजा.

आणि कोणाच्या उंबऱ्यात उभे राहून "कळवतो" म्हणू नका. म्हणणारच असाल, तर कडी कुठल्या बाजूला आहे, ते आधी बघून घ्या.